बांडगूळ कोण, ते हिशेबानं ठरवू



२०२५ सालच्या सुरुवातीला देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. दोन्ही आपल्याबद्दल होत्या. आपण त्या वाचल्या, मोबाईलवर एकमेकाला धाडल्या आणि गप्प बसलो. गप्प का बसलो त्यावर पुढं बोलणारच आहे. आधी त्या गोष्टी.

पहिली ७ जानेवारीची. निवृत्त न्यायमूर्तींच्या पेन्शनचा मामला चालू होता. सरकारच्या बाजूनं पैशाची अडचण सांगितली गेली. त्यावर खंडपीठानं सुनावलं की काहीएक काम न करणाऱ्यांना वाटायला राज्यांकडे पैसा असतो, न्यायाधीशांच्या पगार-पेन्शनचा विषय निघाला की मात्र तंगी आठवते. उदाहरण दिलं बहिणींच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या योजनांचं आणि दिल्लीच्या निवडणुकीतल्या अडीच हजारांच्या घोषणांचं.

दुसरी १२ फेब्रुवारीची. शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याचा मामला. म्हणजे फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाचा. तिथं म्हटलं गेलं की फुकट रेशन आणि फुकट पैसा मिळतो म्हणून लोक कामाला तयार होत नाहीत, महाराष्ट्रात निवडणुकीआधीच्या असल्या वाटपामुळं शेतावर मजूर मिळत नाहीत, अशानं आपण परोपजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना?

परोपजीवी. आपल्या बोलीत बांडगूळ. दुसऱ्याच्या फांदीवर बसून दुसऱ्याचा रस पिणारं.

ठीक आहे. शब्द निघालाच आहे तर हिशेब होऊन जाऊ द्या. मी कोर्टाच्या भाषेत शिकलेला नाही. गिरणीत शिकलो. तिथं सुपरवायझर आला की आधी हजेरी बघतो, मग उत्पादन बघतो, मग पगार सांगतो. त्याच रीतीनं बघू. कुणी किती वर्षं काम केलं, त्याच्या म्हातारपणाला काय मिळालं, आणि ते कुणी ठरवलं.

न्यायमूर्तींचं खातं आधी उघडू. राज्यघटना लागू झाली तेव्हा सरन्यायाधीशांचा पगार महिना ५,००० रुपये होता आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा ३,५००. आकडे घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीतच लिहिलेले होते. १९८६ पर्यंत, छत्तीस वर्षं, ते तेवढेच राहिले. महागाईत त्यांचंही कंबरडं मोडलं असणार, हे खोटं बोलून लपवायचं कारण नाही. मग चोपन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि पगार संसदेनं कायद्यानं ठरवायचा असं झालं. तिथून पायऱ्या चढत गेल्या. २०१८ च्या कायद्यानं, १ जानेवारी २०१६ या मागच्या तारखेपासून, सरन्यायाधीशांना २,८०,०००, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना २,५०,००० आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना २,२५,००० असा मूळ पगार ठरला. पेन्शन ठरली ती अशी : सरन्यायाधीश वर्षाला १६ लाख ८० हजार, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती १५ लाख, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती साडेतेरा लाख. महिन्याला पाडली तर १,४०,००० आणि १,२५,००० आणि १,१२,५००. ही मूळ रक्कम. तिच्यावर महागाई वेगळी. म्हणजे डाळ महाग झाली की पेन्शन आपोआप वर सरकते. आणि वय ऐंशीच्या पुढं गेलं की ती वीस टक्क्यांनी वाढते, पुढं दर पाच वर्षांनी आणखी, शंभरी गाठली तर दुप्पट.

या पेन्शनसाठी त्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जात नाही. हा पैसा देशाच्या संचित निधीवर भारित आहे. भारित म्हणजे असा खर्च की ज्याच्यावर संसदेत मतदान होत नाही. चर्चा करा, पण मत टाकायचं नाही. शिवाय नेमणूक झाल्यावर पेन्शनचे हक्क न्यायमूर्तींच्या तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. हे घटनेतच लिहून ठेवलंय.

आता आपलं खातं.

गिरणीत, कारखान्यात जो फंडाला लागतो त्याची पेन्शन १९९५ च्या योजनेतली. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. मालकाचा हिस्सा म्हणतात खरं, पण आपल्या घामातून न निघालेला मालकाचा पैसा कुणी पाह्यलाय? २०१४ च्या सप्टेंबरपासून पगाराची मर्यादा धरली १५,०००. सूत्र साधं आहे. पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजारांवर कुणी पस्तीस वर्षं सलग राबला, एक दिवस फंड चुकला नाही, तर त्याला मिळणार साडेसात हजार. हे झालं अगदी नशीबवानाचं. बाकीच्यांना त्याच्या निम्मे, पाव. दहा वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शनच नाही, साचलेलं घ्या आणि घरी जा. आणि किमान पेन्शन किती? हजार रुपये. १ सप्टेंबर २०१४ ला ठरली. दहा वर्षं उलटली तरी हजाराला हजारच. महागाईभत्ता नाही. ऐंशी वर्षं झाली म्हणून वाढ नाही. गिरणीतनं निघालेला माणूस ऐंशीपर्यंत जगतच नाही असं बहुतेक ज्यानं योजना लिहिली त्याला माहीत असावं. छातीत कापूस घेऊन किती जगणार?

आणि ज्याला फंडसुद्धा नाही? शेतमजूर, नाका कामगार, कचरा उचलणारी बाई? त्यांच्यासाठी केंद्र सरकारची म्हातारपणाची पेन्शन आहे. साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. दोनशे! दारिद्र्यरेषेखाली असाल तर. वर राज्यानं आपली भर घालायची.

भागाकार तुम्हीच करा. सरन्यायाधीशांच्या एका मूळ पेन्शनीत किमान पेन्शनवाले एकशे चाळीस म्हातारे बसतात.

ग्रॅच्युइटीची गंमत ऐका. कायद्यात कमाल मर्यादा न्यायमूर्तींना २० लाख आणि कामगारालाही २० लाख. वा! समता! पण कामगाराचा हिशेब वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा हजार पगारवाल्याला वर्षाचे पडतात ८,६५४ रुपये. त्याला वीस लाखापर्यंत पोचायला दोनशे एकतीस वर्षं नोकरी करावी लागेल. म्हणजे पेशवाई चालू असताना रिंगखात्यात भरती झाला असता तर आत्ता कुठं हातात पडले असते.

कुणी म्हणेल, न्यायमूर्ती आणि गिरणीकामगार यांची तुलनाच कशी करता? जबाबदारी वेगळी, शिक्षण वेगळं. मान्य. पगार वेगळा असू दे. माझं भांडण पगाराशी नाही. म्हातारपण मात्र दोघांचं सारखंच येतं. गुडघे दोघांचे दुखतात. गोळी दोघांनाही त्याच भावात मिळते.

आणि ही तुलना मी करत नाही. कोर्टानं स्वतः केलीय. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की काही निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्तींना महिना दहा-पंधरा हजार पेन्शन मिळते. ते लोक जिल्हा न्यायालयातून वर आलेले, नव्या पेन्शन योजनेत सापडलेले, त्यांची आधीची नोकरी धरली गेली नव्हती. कोर्ट हळहळलं. ही दयनीय अवस्था आहे म्हणालं. खरंच दयनीय. मला त्यात कुत्सितपणा करायचा नाही. पण मग लिहून घ्या, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं मत असं आहे की म्हाताऱ्या माणसाला दहा-पंधरा हजारांत जगायला लागणं दयनीय आहे. आता मला सांगा, हजारात जगणं काय आहे? दोनशेत जगणं काय आहे? त्यासाठी शब्दकोशात कुठला शब्द ठेवलाय? की त्यासाठीच परोपजीवी हा शब्द राखून ठेवलाय?

पुढं १९ मे २०२५ ला निकाल लागला. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती वकिलीतून आलेला असो की जिल्हा न्यायालयातून, कायम असो की अतिरिक्त, कधीही निवृत्त झालेला असो, सगळ्यांना सारखी पूर्ण पेन्शन. मुख्य न्यायमूर्तींना पंधरा लाख, बाकीच्यांना साडेतेरा लाख. एक पद एक पेन्शन. नव्या पेन्शन योजनेत कापलेले पैसेही परत करायचे. चांगला निकाल आहे. एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसांत भेद करू नका, हे तत्त्व सोन्यासारखं आहे. आम्ही तर जन्मापासून तेच म्हणतोय.

पण हे तत्त्व कोर्टाच्या पायरीवरून खाली का उतरत नाही? याच महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ पासून लाखो सरकारी कर्मचारी, शिक्षक, नर्सबाया जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. नवी योजना त्यांनाही चावत होती. त्यांचं विष त्यांनीच पचवावं, आणि न्यायमूर्तींना चावली की उतारा ताबडतोब?

याच्याही मागं जा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलीतून न्यायमूर्ती झालेल्यांच्या पेन्शनला त्यांच्या वकिलीची दहा वर्षं धरावीत. म्हणजे ज्या काळात तो माणूस स्वतःची फी घेऊन स्वतःचा धंदा करत होता, ती वर्षं सरकारी नोकरीत मिळवायची. का? तर पूर्ण पेन्शनला वर्षं कमी पडतात म्हणून. ठीक. आता आमच्या बदली कामगाराकडे बघा. रोज पाळीच्या आधी गेटवर उभा राह्यचं, कुणाचा खाडा पडला तर आत घेणार, नाहीतर डबा तसाच घरी. अशी आठ-आठ, दहा-दहा वर्षं. आता बदलीच्या जागी ठेकेदार आला. दर अकरा महिन्यांनी कागद बदलतो, माणूस तोच, मशीन तीच. ती वर्षं कुठं धरली जातात? स्वतःच्या धंद्याची दहा वर्षं जोडता येतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर राबलेली दहा वर्षं पुसता येतात! साल्या, या गणिताचं नाव काय?

आमच्या पेन्शनीचा खटलाही त्याच कोर्टात गेला होता. ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाल आला. २०१४ च्या दुरुस्तीनं पेन्शनला धरायचा पगार शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांच्या सरासरीचा केला होता. सरासरी लांबवली की रक्कम खाली येते, हे शाळकरी पोराला कळतं. कोर्टानं ती दुरुस्ती उचलून धरली. फंडाच्या तिजोरीवर भार पडेल ही काळजी तिथं मोलाची ठरली. म्हणजे आमच्या वेळी तिजोरी बघायची आणि न्यायमूर्तींच्या वेळी तिजोरीचं नाव काढणाऱ्याला फुकट वाटपाची आठवण करून द्यायची.

असं नाही की कोर्टाला पेन्शन म्हणजे काय ते कळत नाही. १७ डिसेंबर १९८२ चा नाकरा खटल्याचा निकाल आहे. त्यात सांगून ठेवलंय की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, उपकार नाही, ती केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे आणि म्हातारपणी माणसाला सामाजिक-आर्थिक न्याय देण्याचं ते साधन आहे. हा निकाल कुठल्या वर्षी आला बघा. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले होते. दिल्लीत हे शब्द लिहिले जात होते तेव्हा इथं लालबाग-परळच्या चाळींत भांडी विकायला निघाली होती. गिरण्या गेल्या. जमिनीचा प्रश्न कोर्टात गेला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं मालकांना जास्त जमीन ठेवू देणारा बदललेला नियम कायम केला. आज तिथं मॉल आहेत. काचेच्या दाराला रखवालदार म्हणून त्याच कामगाराचा नातू उभा आहे, ठेकेदाराचा, दर अकरा महिन्यांनी नवा.

त्यात आपल्या माणसांचं तर आणखी वेगळं. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून महाराच्या पोराला त्या खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी हे चव्हाट्यावर मांडलं. पगार कमी म्हणून फंड कमी, फंड कमी म्हणून म्हातारपण कमी. जात पेन्शनच्या कागदावर लिहिलेली नसते. ती आकड्यात मुरलेली असते.

आता ती पंधराशेवाली बाई. लाडकी बहीण. तिला काम न करणारी म्हणायचं? पहाटे नळावर, मग चार घरची धुणीभांडी, दुपारी विड्या वळायच्या, संध्याकाळी घरचं सगळं. तिच्या कामाची हजेरी कुठल्याच मस्टरवर नाही म्हणून ती बिनकामाची? आणि शेतावर मजूर मिळत नाहीत म्हणजे काय? मालक देईल त्या मजुरीला मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. घरात चार किलो धान्य आणि हातात पंधराशे रुपये असले की बाई पहिल्यांदा पाटलाला म्हणू शकते, या भावात येत नाही जा. हे तिचं नाही म्हणणं टोचतंय.

इथं थांबून विचार करा दोस्तहो, कारण सगळा मुद्दा इथं आहे. न्यायमूर्तींना भक्कम पेन्शन कशासाठी? घटनाकारांनी ती मतदानाच्या बाहेर का ठेवली? लाडासाठी नाही. न्यायमूर्तीला सत्तेसमोर, पैसेवाल्यासमोर नाही म्हणता यावं म्हणून. उद्याच्या भाकरीची काळजी असलेला माणूस ताठ उभा राहू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला हे शंभर टक्के पटतं. म्हणून मी न्यायमूर्तींची पेन्शन कमी करा म्हणणार नाही. जो म्हणेल त्याच्याशी भांडेन. उपाशी न्यायाधीश आम्हाला परवडणारा नाही, त्याला विकत घेणारे टपलेलेच आहेत. पण जे न्यायमूर्तीच्या कण्याला लागू तेच मोलकरणीच्या कण्याला लागू. भाकरीची खात्री असली की न्यायमूर्ती स्वतंत्र होतो आणि मजूर मात्र आळशी होतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? लिहिलंय. आपल्याला माहीत आहे कुठल्या. त्या पुस्तकाची होळी महाडला १९२७ साली झाली.

आता आपल्या गप्प बसण्याकडे येतो.

ते बोल ज्या खंडपीठाचे होते त्याचे प्रमुख होते न्यायमूर्ती भूषण गवई. अमरावतीचे. रा. सू. गवईंचे चिरंजीव. पुढं १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले. देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले. मीही खाल्ले आणि मला त्याची लाज नाही. २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत उच्च न्यायालयांत ७१५ न्यायमूर्ती नेमले गेले, त्यात अनुसूचित जातीचे २२. हा सरकारनं संसदेत दिलेला आकडा. जिथं सातशेत बावीस, तिथं आपला माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला तर छाती फुगणारच. सरन्यायाधीश होऊन ते मुंबईला आले तर राज्याचे मोठे अधिकारी शिष्टाचाराला हजर नव्हते. ६ ऑक्टोबरला भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला, सनातनच्या नावानं ओरडत. तो बूट एका माणसावर नव्हता. तो आपल्या सगळ्यांवर होता, आणि त्या दिवशी आपण रस्त्यावर उतरलो ते बरोबरच केलं.

पण म्हणून बेघराला परोपजीवी म्हटलेलं गिळायचं? कार्यकर्ते म्हणतात, आपल्या माणसावर आपण बोललो तर ते लोक टाळ्या वाजवतील. वाजवू द्यात. टाळ्यांच्या भीतीनं तोंड शिवून घेतलं तर आपण भक्त झालो. भक्तीला राजकारणात जागा नाही, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलंय. बूट फेकणारा त्यांची जात बघून फेकतो. आपण शब्दाला शब्दानं उत्तर देतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याला चळवळ कळली नाही. उलट मी म्हणतो, हे आपणच बोललं पाहिजे. दुसरा बोलला की त्यात विष असतं. आपण बोललो की त्यात हक्क असतो.

आणि गवईसाहेबांच्या पदरात जे आहे तेही घालू. निवृत्तीनंतर सरकारचं कुठलंही पद घेणार नाही, असं त्यांनी खुर्चीवर असताना जाहीरपणे सांगितलं. याला कणा लागतो. आणि हाच आपला पुढचा मुद्दा.

एवढी पेन्शन कशासाठी, तर नंतर कुणाच्या दारात जायला लागू नये म्हणून. मग जातात कसे? यादी बघा. न्या. बहारुल इस्लाम १९८३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देतात, त्याच वर्षी काँग्रेसकडून राज्यसभेत. माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र १९९८ साली काँग्रेसकडून राज्यसभेत. माजी सरन्यायाधीश सदाशिवम २०१४ साली निवृत्त होऊन काही महिन्यांत केरळचे राज्यपाल. रंजन गोगोई २०१९ च्या नोव्हेंबरात निवृत्त, मार्च २०२० मध्ये राष्ट्रपतिनियुक्त खासदार. न्या. अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला निवृत्त, पुढच्याच महिन्यात आंध्रचे राज्यपाल. पक्ष बदलले, रीत तीच. कुणी पैसे खाल्ले, निकाल विकला, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही आणि मला तसं म्हणायची गरजही नाही. मला एवढंच माहीत आहे की आमच्या गिरणीत जो हजेरीबाबू मालकाच्या बंगल्यावर पुढच्या नोकरीची आशा लावून बसतो, त्याच्या मस्टरवर कामगाराचा भरवसा राहत नाही. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं तरी राहत नाही.

हे १९५८ सालीच विधी आयोगानं लिहिलं होतं. सेटलवाड अध्यक्ष. शिफारस अशी की निवृत्तीनंतर न्यायमूर्तींनी सरकारी पद घेऊ नये. ती धूळ खात पडली. त्याही आधी १९४९ साली घटना समितीत के. टी. शहांनी तशी तरतूद घटनेतच करा म्हणून सूचना मांडली होती. ती नाकारली कुणी? बाबासाहेबांनी. हेही लपवायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की न्यायालयापुढचे बहुतेक तंटे माणसामाणसांतले असतात, सरकारला त्यात फारसा रस नसतो, म्हणून सरकार न्यायमूर्तीवर प्रभाव टाकेल हा संभव दूरचा. १९४९ साली ते खरं असेल. आज कोर्टात सगळ्यात मोठा पक्षकार सरकार आहे. जमीन सरकारची, धरण सरकारचं, झोपडपट्टी तोडणारा बुलडोझर सरकारचा, यूएपीए सरकारचा. परिस्थिती बदलली की विचार पुन्हा तपासावा, हे बाबासाहेबांकडूनच शिकलो. पोथी करणारे दुसरे. आपण नव्हे.

सरकारी पद नाही घेतलं तर लवाद आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे तंटे कोर्टाबाहेर निवृत्त न्यायमूर्तींपुढं चालतात. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत फीचा तक्ता आहे. तंटा वीस कोटींच्या वर गेला की १९,८७,५०० रुपये आणि वरच्या रकमेवर अर्धा टक्का, कमाल ३० लाख. एका तंट्याचे तीस लाख! उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या दोन वर्षांच्या मूळ पेन्शनपेक्षा जास्त. कायदेशीर आहे. करू देत. पण एवढं दार उघडं असताना पेन्शनच्या मामल्यात फुटपाथवरच्या माणसाचं ताट मोजू नये.

राहिली मालमत्ता. आपल्या पोराला शिष्यवृत्ती पाहिजे, आण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. रेशन पाहिजे, आण दाखला. होस्टेल पाहिजे, आण दाखला. निराधार बाईनं आपण निराधार असल्याचा दाखला आणायचा. निवडणूक लढवणाऱ्यानं मालमत्ता जाहीर करायची, हे २००२ साली सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं आणि फार चांगलं केलं. आणि न्यायमूर्तींनी? १९९७ सालचा त्यांचा ठराव आहे, मालमत्ता सरन्यायाधीशांना कळवायची. लोकांना कळवणं मात्र मर्जीवर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या सरकारी बंगल्याच्या आवारात आग लागली आणि जळालेल्या नोटा सापडल्याची बातमी देशभर झाली. त्यांनी आरोप नाकारले. त्यानंतर १ एप्रिलला ठराव झाला आणि ५ मे ला सर्वोच्च न्यायालयाच्या ३३ पैकी २१ न्यायमूर्तींची मालमत्ता संकेतस्थळावर आली. उशिरा आली, पण आली. उच्च न्यायालयातल्या बहुतेकांची तेव्हाही जाहीर नव्हती. ठराव म्हणजे कायदा नव्हे. उद्याचं पूर्ण पीठ तो बाजूला ठेवू शकतं. दाखला सक्तीचा कुणाला आणि मर्जीचा कुणाला, हे बघितलं की लोकशाहीत माळे किती आणि जिना कुठं नाही ते कळतं.

तर दोस्तहो, नुसती आग ओकून भागणार नाही. आपलं म्हणणं काय, ते मुद्द्यावर पाहिजे.

न्यायमूर्तींची पेन्शन आहे तशी राहू दे. पण फंडाच्या किमान पेन्शनीला कोर्टानं स्वतः सांगितलेलं माप लावा. दहा हजार ज्याला दयनीय वाटतात त्यानं हजारावर सही करू नये. पेन्शनवाले म्हातारे साडेसात हजार आणि महागाईभत्ता मागतायत, ती मागणी तर फारच नम्र आहे. फंडाच्या पेन्शनीला महागाई जोडा. बदलीची, ठेकेदारीची वर्षं धरा, जशी वकिलीची धरली. निवृत्तीनंतर सरकारी पद, राज्यपालपद, खासदारकी यांना कायद्यानं बंदी घाला. मालमत्ता जाहीर करणं कायद्यानं सक्तीचं करा, खालपासून वरपर्यंत.

आणि काम उद्यापासून. तुमच्या वस्तीत फंडाचे पेन्शनर किती आहेत, माहीत आहे का? नसेल तर घरोघर जा. बँकेचं पासबुक बघा. कुणाला अकराशे, कुणाला चौदाशे, कुणाला काहीच नाही. कुणाची विधवा अर्ज करून बसलीय, कुणाच्या कागदावर नाव चुकलंय म्हणून अडलंय. ते आकडे वहीत उतरवा. नाव नको, आकडा पाहिजे. आपल्यातली पोरं आता वकील झालीयत, काळे कोट घालून फिरतात, जयंतीला भाषणं करतात. त्यांच्या हातात ती वही द्या आणि सांगा, नाकरा खटल्यात जे लिहिलंय ते या आकड्यांना लागू करून दाखव. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून शंभर रुपये काढा आणि ते आकडे मोठ्या कागदावर लिहून चौकात लावा. एका बाजूला १,४०,०००, दुसऱ्या बाजूला आपल्या गल्लीतला आकडा. खाली काही लिहू नका. लोकांना वाचता येतं.

कलम ४१ मध्ये म्हातारपणी सरकारनं माणसाला हात द्यावा असं लिहिलंय. ते लिहिणारा कुणी बेघराला बांडगूळ समजत नव्हता. ज्या झाडाची सावली सगळ्यांना मिळते त्या झाडाची मुळं आपण आहोत. गिरणीत, गटारात, शेतात, दुसऱ्यांच्या मोरीत. मुळांना बांडगूळ म्हणायची हिंमत यापुढं कुणी केली, तर तो आपला असो की परका, त्याच्यासमोर ही वही उघडायची आणि हिशेब मागायचा.

जयभीम.